माझी बाई रडत नाही

रिओ, रविवार, ५ मे १९९६

जुरेमा,

पाकिटावरचं अक्षर ओळखलं असशील. फाडण्याआधी एवढं वाच की मी मेलेली नाही, आजारी नाही आणि मला तुझ्याकडून काहीही नको आहे. यातलं तिसरं खोटं आहे, पण त्याबद्दल नंतर.

पत्ता मला तुझ्या मारिल्झाने दिला. तिच्यावर रागावू नकोस. मार्चमध्ये आमच्या जुन्या सांबा गाणाऱ्या मंडळींचा कार्यक्रम सांतोसला होता. संपल्यावर मी मागे खुर्चीत बसून चपला काढत होते, तर एक चाळिशीकडे झुकलेली बाई येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "मावशी, मी जुरेमाची मुलगी." मी वर पाहिलं. कपाळ तुझं. हनुवटी कुणाची ते कळलं नाही, तुझ्या नवऱ्याला मी पाहिलं कुठे! मी तिला एवढं घट्ट धरलं की तिचा चष्मा माझ्या झालरीत अडकला.

मी विचारलं, "आई गुणगुणते का गं घरात?"

"आई?" ती हसली. "आई रेडिओसुद्धा लावत नाही."

ते हसणं मला फार लागलं. परतीच्या बसमध्ये बाकीचे सगळे घोरत होते आणि मी सांतोसपासून रिओपर्यंत खिडकीला डोकं लावून बसले होते.

तर तू रेडिओ लावत नाहीस, म्हणजे तुला माझं काहीच माहीत नसणार. थोडक्यात सांगते. छप्पन साली मी रेडिओवर गायले. मग दोन तबकड्या निघाल्या, मग लापाच्या नाचघरांत चार वर्षं उंच टाचांवर उभी राहून गायले. त्या टाचांनी दिलेलं दुखणं अजून पायात आहे. मग गिटारवाली गोरी पोरं आली आणि कानात कुजबुजल्यासारखं गायला लागली. एका रात्रीत माझा आवाज सगळ्यांना मोठा वाटायला लागला. मला म्हणाले, "दोना झुल्मीरा, जरा हळू." मी म्हटलं, हळू तुमची आई गाते. झालं, काम गेलं. त्यानंतर अकरा वर्षं मी मादुरेइराच्या एका शाळेत दोनशे पोरांचा घेवडा शिजवला. खोटं कशाला सांगू, ती वर्षं वाईट नव्हती. पोरं थाळ्या वाजवायची आणि मी डाव हलवत गायचे. माझा नवरा नेलितो तेव्हा होता. कुइका वाजवायचा, म्हणजे ते हुंदके दिल्यासारखं वाजणारं वाद्य. स्वतः मात्र कधी रडला नाही. एकोणऐंशीत गेला.

वयाच्या चोपन्नाव्या वर्षी विद्यापीठातली काही माणसं जुनी गाणी शोधत माझ्या दारात आली. छप्पन्नाव्या वर्षी माझी पहिली मोठी तबकडी निघाली. जुन्या मंडळींबरोबर जपानला गेले. तिथले लोक गाणं संपेपर्यंत मांडीवर हात ठेवून बसतात आणि मग एवढ्या टाळ्या वाजवतात की आपण घाबरतो. आता दोन खोल्या आहेत, मागे आंब्याचं झाड आहे, तीन कोंबड्या आहेत आणि शेजारची लिन्दाउरा आहे, जी या तिन्ही कोंबड्यांपेक्षा जास्त बोलते. मी सुखी आहे, जुरेमा. हे तुला सांगताना लाज वाटते, पण आहे.

ऑगस्टमध्ये आमची नवी तबकडी करायची ठरली आहे. बारा गाणी. अकरा पक्की झाली.

आणि एक. त्या रविवारी माझा घसा बसला होता. हे तुला कुणी सांगितलं नसेल.

झुल्मीरा


रिओ, २ जून १९९६

जुरेमा,

उत्तर नाही. ठीक. चाळीस वर्षांची सवय चार आठवड्यांत कशी जाईल!

तबकडी करणारी बाई लेओनोर म्हणून आहे. गळ्यात दोन चष्मे, डोळ्यांवर एकही नाही. परवा ती माझ्या ओट्यावर बसून कॉफी पीत होती. म्हणाली, "दोना झुल्मीरा, बारावं गाणं असं हवं की जे कधीच कुणी रेकॉर्ड केलेलं नाही. तुमच्या त्या अंजिराच्या, फिगेइराच्या अंगणातलं. आहे का आठवणीत?"

मी म्हटलं, "आहे. पण ते मेलेलं आहे."

तिला काही कळेना. शहरातली बाई. मग मला आपली रीत पहिलीतल्या पोराला सांगावी तशी सांगावी लागली. की अंजिराच्या झाडाखाली नवं गाणं घेऊन कुणी आलं, की तो ते दोनदा एकटा गातो. वाद्यं हळू असतात. समोर बाकावर बायका बसलेल्या असतात, त्या ऐकतात. तिसऱ्यांदा बायकांनी उचललं, तर गाणं जगलं. पुढच्या रविवारी ते सगळ्या टेकडीवर धुण्याच्या दगडांवर ऐकू येतं. बायका गप्प बसल्या तर रचणारा टोपी उचलतो आणि जातो. कुणी त्याला काही बोलत नाही आणि त्या गाण्याचं नाव पुन्हा निघत नाही.

"म्हणजे गाणं बायकांच्या हातात?" लेओनोर म्हणाली.

"तोंडात," मी म्हटलं.

"आणि बायकांना कोण सांगतं, गायचं की नाही?"

मग मी कॉफी गाळायला आत गेले.

तिला मी हे सांगितलं नाही, पण तुला सांगते. त्या रविवारी आम्ही तुझं गाणं उचललं नाही, ते सगळं बाल्ताझार मास्तरांचं काम होतं. त्यांनीच शनिवारी आम्हा नऊ जणींना बजावलं होतं की बाईने गाणं गावं, रचू नये. आज झुल्मीराची धाकटी बहीण झाडाखाली उभी राहिली, उद्या कोंबडी उभी राहील, असं म्हणाले होते. तुला आठवत असेल, ढोलकरी त्यांच्या बोटाकडे बघायचे. बोट खाली, तर सगळं खाली. आमची काय बिशाद होती?

असो. लेओनोरला मी पहिला भाग म्हणून दाखवला. तिने दोन्ही चष्मे एकदम डोळ्यांवर चढवले. म्हणाली, "हेच! कुणाचं आहे?" मी तुझं नाव सांगितलं. ती म्हणाली, बाईंचा पत्ता लागत नसेल तर कवी अज्ञात असं छापू. मी म्हटलं, अज्ञात नाही, सांतोसला तिसऱ्या मजल्यावर राहते.

पण जुरेमा, वय झालंय. पहिला भाग स्वच्छ आठवतो:

दोरीवर वाळतो माझा पिवळा झगा,
वाऱ्या, हात लावू नकोस, उद्या रविवार आहे.

दुसरा भाग मला असा आठवतो:

आणि नेलासच तर परत आण रे बाबा,
मी दारात उभी राहून रडते आहे.

आहे ना असंच? असंच असेल तर उत्तर देण्याची गरज नाही. जूनअखेरपर्यंत वाट बघते. काही आलं नाही तर हेच बरोबर समजून गाईन. लेओनोरच्या डोळ्यांत तर दुसऱ्या भागाने पाणी आलं.

झुल्मीरा


रिओ, रविवार, २३ जून १९९६

माझ्या जुरेमा,

आलं! टपालवाला फाटकातूनच ओरडला, "दोना झुल्मीरा, सांतोसहून! कार्ड आहे, मी वाचलंय, तुमची कुणीतरी चांगलीच खरडपट्टी काढली आहे." मी त्याला कॉफी पाजली. मग त्याच्याकडून ते मोठ्याने वाचून घेतलं. मग लिन्दाउराकडून. मग स्वतः वाचलं. समोर बंदराचं चित्र आणि मागे तुझ्या टोकदार अक्षरात एवढंच:

"माझी बाई रडत नाही. ती घरी आहे आणि झगा नाचायला गेला आहे. 'आणि नेलासच तर नाचवून आण, सांग त्याला, मी घरी आहे, घाई नको.' चुकीचं गाशील तर याद राख. जु."

चाळीस वर्षांनी तीन ओळी, आणि त्यात एक धमकी. मी कार्ड आईच्या तसबिरीखाली लावलं. आज संत जुआंवची संध्याकाळ आहे, बाहेर पोरं शेकोटी रचतायत, लिन्दाउराचा मक्याचा केक करपल्याचा वास येतोय आणि मी तुला लिहायला बसले आहे. आता खरं सांगते. उभी असशील तर बस.

पहिलं. मला दुसरा भाग अक्षर न् अक्षर येतो. कधीच विसरले नव्हते. ते रडण्याचं मी मुद्दाम लिहिलं. तुला मी लहानपणापासून ओळखते. तुला कुणी शिव्या घातल्या तरी तू तोंड फिरवून जायचीस, पण तुझं एखादं वाक्य कुणी बदललं की चप्पल हातात घेऊन यायचीस. क्षमा मागितली असती तर तू कधी उत्तर दिलं असतंस? कधीच नाही. म्हणून तुझ्या बाईला दारात रडत उभी केली. तिची माफी मागते.

दुसरं. बाल्ताझार मास्तर तसं बोलले होते हे खरं. पण त्या रविवारी ते अंगणात नव्हतेच. त्यांच्या साडूचं बारसं होतं, म्हणजे साडूच्या पोराचं. बोट कुणाचंच नव्हतं. मेलेल्या माणसावर मी ढकललं, कारण तो उलटून बोलणार नव्हता.

तिसरं. माझा घसा बसला नव्हता. घसा इतका छान होता की सकाळी मी गात असताना आई तालासाठी खरवडायची ती थाळी-सुरी खाली ठेवून ऐकत राहिली होती.

आता चौथं. तू झाडाखाली उभी राहिलीस. आईने लोकांचे कपडे धुऊन आणलेल्या पैशांतून शिवलेला तो पिवळा झगा तुझ्या अंगावर होता. तू पहिल्यांदा गायलीस आणि मला वाटलं, बरं आहे. दुसऱ्यांदा तो झगा एकटा नाचायला गेला आणि ती बाई आरामात घरी बसली, तेव्हा माझ्या पायाचा ताल थांबला. बाविसाव्या वर्षी तू हे कुठून आणलंस? मी सत्तावीस वर्षांची, अंगणातला सगळ्यात मोठा आवाज, आणि मला एकदम कळलं की मी दुसऱ्यांची गाणी म्हणणारी आहे आणि गाणं आपल्या घरात आलंय ते तुझ्याकडे. आणि मागच्या बाकावर तो रेडिओवाला माणूस बसला होता. मला ऐकायला आला होता, जुरेमा. मला. ते गाणं उचललं असतं तर त्याने तुला नेलं असतं.

नऊ जणी होत्या. मधे मी. तिसऱ्यांदा ढोलाचा ठोका पडला आणि रीतीप्रमाणे आठही जणींनी माझ्याकडे पाहिलं. मी ओठ घट्ट मिटले. एवढंच केलं. एवढ्याने झालं.

तू टोपी घातली नव्हतीस म्हणून उचलायला काही नव्हतं. तू झग्याला हात पुसलेस आणि फाटकातून गेलीस. बुधवारी घरात तुझी कपड्यांची पेटी नव्हती, तूही नव्हतीस. आई मरेपर्यंत मला विचारत राहिली, "झुल्मीरा, तुम्ही का गायला नाहीत गं?" तिला मी घसाच सांगत राहिले.

मी तुझं गाणं मारलं, आणि मग रोज म्हटलं. हे कुणालाच माहीत नाही, नेलितोलाही नव्हतं. सकाळी कॉफीच्या फडक्यात पाणी ओतायला लागले की मी ते सुरू करते. दोन कडवी संपली की कॉफी गाळून होते, दुसरं माप मला माहीतच नाही. लापात टाचांवर होते तेव्हाही, शाळेत होते तेव्हाही, जपानच्या हॉटेलातसुद्धा. चाळीस वर्षं. वाऱ्यालासुद्धा पाठ झालं असेल.

म्हणून मी लेओनोरला सांगितलं की मी ते तबकडीवर गाणार नाही. तिने कपाळाला हात लावला. मी म्हटलं, मेलेलं गाणं यंत्रात भरता येतं, पण ते जिवंत होत नाही. ते आधी झाडाखाली यायला हवं. रचणारीने दोनदा म्हणायला हवं आणि बायकांनी उचलायला हवं. नाहीतर अकरा गाण्यांची तबकडी काढ.

जुलैचा शेवटचा रविवार, २८ तारीख. दुपारी तीनला. अंजिराचं झाड तेच आहे, बाकं नवी आहेत. रेकॉर्डिंग पाच ऑगस्टला सुरू. आम्ही अजून नऊच जणी आहोत आणि मधे अजून मीच बसते. हे वाचून तू येणार नाहीस असं मला वाटतं. मी तुझ्या जागी असते तर आले नसते. पण मी तुझ्या जागी कधीच नव्हते, हाच तर सगळा घोळ आहे.

तुझी ताई


रिओ, रविवार, ११ ऑगस्ट १९९६

जुरेमा,

नीट पोचलीस ते मारिल्झाने फोनवर सांगितलं. तुझा गुडघाही तिनेच सांगितला. माझ्या घरी तीन पायऱ्या चढताना दुखत नव्हता आणि सांतोसला पोचल्यावर दुखायला लागला, वा!

बसस्थानकावर तू विचारलंस, "ताई, त्या दिवशी तू शेवटी गायलीस का गं?" मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली, कारण बस हलली होती. आता लिहून देते.

त्या अठ्ठावीस तारखेला दोन वाजून गेले तरी तू दिसली नाहीस. लिन्दाउरा म्हणाली, "येतेय कसली! मी असते तर बाँब पाठवला असता." मी घेवडा वाढत होते, पण कुणाच्या थाळीत काय पडतंय याकडे लक्ष नव्हतं. लेओनोरच्या भातावर मी दोनदा संत्री ठेवली. तीन वाजता फाटक वाजलं आणि मारिल्झाचा हात धरून तू आलीस. करडा कोट, केस पांढरे आणि चालणं मात्र आईचं. माझ्याकडे न बघता थेट झाडाखाली गेलीस. चाळीस वर्षांनी भेटलेल्या बहिणीला साधं 'कशी आहेस' नाही! मला इतकं बरं वाटलं की सांगता येत नाही. रागावलेली जुरेमा म्हणजे जिवंत जुरेमा.

कावाकिन्यो, म्हणजे ती चार तारांची छोटी गिटार, वाजवणाऱ्या पोराने विचारलं, "पट्टी कोणती, आजी?" तू म्हणालीस, "तू वाजव, मी पकडते." अंगण हसलं.

मग तू पहिल्यांदा गायलीस. तुझा आवाज म्हातारा झालाय, जुरेमा, आणि पहिल्यापेक्षा चांगला झालाय. दुसऱ्यांदा तू गायलीस आणि 'घाई नको'पाशी माझ्याकडे पाहिलंस. पहिल्यांदाच. त्या नजरेत राग नव्हता. मी त्याची तयारी केली नव्हती.

ढोलाचा तिसरा ठोका पडला. आठ जणींनी माझ्याकडे पाहिलं.

मी महिनाभर ठरवलं होतं की असा आवाज लावीन की मादुरेइराच्या बाजारात ऐकू जाईल. तोंड उघडलं आणि काहीच आलं नाही. घसा बंद. चाळीस वर्षं तुला आणि आईला जे खोटं सांगितलं, ते त्या क्षणी खरं झालं. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, आणि गळ्यातून हवासुद्धा नाही. तू उभी होतीस आणि तुझा हात कोटाच्या काठाकडे गेला, पुसायला. मला वाटलं, मी पुन्हा तेच केलं.

पण माझं तोंड उघडं होतं. त्या पोरींनी एवढंच पाहिलं. सगळ्यात टोकाला बसणारी सेबास्तियाना, जिला मी कायम म्हणते की तुझा सूर कोंबडीला लाजवतो, तिने सगळ्यांच्या आधी 'दोरीवर' असं उचललं. मग आठही जणींनी उचललं. मग ढोल मोठे झाले, आणि फाटकाबाहेरचे लोक आत आले. तू रडली नाहीस. तुझी बाईही रडली नाही. रडत होते ती मी एकटी, दारात नव्हे, बाकावर.

तर उत्तर असं की नाही, मी त्या दिवशी गायले नाही. पाच फेऱ्या झाल्या, तरी आवाज आलाच नाही. ते गाणं माझ्याशिवाय जगलं. हे लिहायला मला दोन दिवस लागले आणि लिहिल्यावर बरं वाटतंय.

रेकॉर्डिंगला तू गायलीस तेव्हा मागे मी आईची थाळी-सुरी खरवडत होते. लेओनोरने काल ते ऐकवलं. थाळी छान लागलीय, थोडी मोठी आहे, पण मी हळू काही करत नाही हे तुला माहीत आहे. वेष्टणावर तुझं पूर्ण नाव आहे. मी स्वतः अक्षरं तपासली.

आता मुख्य गोष्ट, जिच्यासाठी कागद घेतला. आज सकाळी मी कॉफी गाळत होते. सवयीने तोंड उघडलं, तेवढ्यात रस्त्यावरून आवाज आला. आमच्या गल्लीत येणारा मासेवाला, हातगाडी ढकलत, तुझं गाणं म्हणत चालला होता. कुठून शिकला देव जाणे, तबकडी अजून निघालेलीही नाही. पण तो काय म्हणत होता माहीत आहे? 'दोरीवर वाळतो माझा निळा झगा.' निळा! का, तर त्याचा फुटबॉल संघ निळा. आणि वाऱ्याला 'रविवार' न म्हणता 'सोमवार' म्हणत होता, कारण सोमवारी त्याची सुट्टी.

मी फडकं टाकून खिडकीपाशी धावले. "अरे मेल्या, पिवळा!" असं ओठांवर आलं होतं. समोरच्या घरातली बाई धुणं वाळत घालत होती, तिनेही पुढची ओळ उचलली. तीही निळाच म्हणत होती.

मी तोंड मिटलं, जुरेमा. या वेळी चांगल्या कारणासाठी. तो रस्ता संपेपर्यंत आणि ती दोरीपाशी, दोघं चुकीचंच गात राहिली आणि मी खिडकीत उभी राहून ऐकलं. कॉफी जास्त उतरून कडू झाली. तीच प्यायले.

तुझी ताई